वाचक विचारतात : संशोधनाची रोजकीर्द संगणकाने लिहावी का?

गेल्या अंकात या सदरात वैज्ञानिक वर्कफ्लो-प्रणालींचा ओझरता उल्लेख आला होता. संशोधनातील माहितीवर एकामागून एक करायच्या प्रक्रियांची साखळी बांधणाऱ्या, ती चालवणाऱ्या आणि प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणाऱ्या या प्रणाली आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच आता थेट ब्राउझरमधून वापरता येतात. त्या उल्लेखावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. त्यांतील सात प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे, त्यांच्यापैकी काहींच्या विनंतीवरून, सरसकट वगळली आहेत.

प्रश्न : मी पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करते. ठाणे खाडीच्या ऐरोली आणि वाशी येथील काठावरून मार्च व सप्टेंबर महिन्यांत घेतलेल्या चिखलाच्या २४ नमुन्यांतील जिवाणूंचा १६एस या, जिवाणू ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाच्या आधारे अभ्यास करायचा आहे. प्रत्येक नमुन्याच्या दोन अशा ४८ फाइली, एकूण सुमारे २ जीबी, माझ्याकडे आल्या आहेत. प्रयोगशाळेतील संगणकाची मेमरी ८ जीबी आहे. मार्गदर्शक म्हणतात, लिनक्सच्या आज्ञा शिका. मैत्रीण म्हणते, गॅलॅक्सीवर टाक आणि मोकळी हो. काय करावे? — संशोधक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : दोघांचेही बरोबर आहे, फक्त क्रम मैत्रिणीचा घ्यावा आणि ‘मोकळी हो’ हे शब्द मनावर घेऊ नयेत.

गॅलॅक्सी ही प्रणाली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २००५ च्या सुमारास अँटन नेक्रुटेंको आणि जेम्स टेलर यांच्या पुढाकाराने उभी राहिली, ती नेमकी तुमच्यासारख्यांसाठी : ज्यांना जीवशास्त्राचा प्रश्न ठाऊक आहे, पण आज्ञा टंकित करण्याची सवय नाही. ती मुक्तस्रोत आहे. तिचे मोठे सार्वजनिक सर्व्हर अमेरिकेत, युरोपात आणि ऑस्ट्रेलियात आहेत, आणि नोंदणी केलेल्या वापरकर्त्याला मुख्य सर्व्हरवर साधारण २५० जीबी जागा विनामूल्य मिळते. तुमच्या २ जीबींना ती भरपूर आहे. उलट ८ जीबी मेमरीच्या संगणकावर सिल्व्हासारखा ज्ञात जनुकक्रमांचा मोठा संदर्भसाठा उघडून प्रत्येक क्रमाचे वर्गीकरण करायला घेतले, तर यंत्र गुदमरण्याचीच शक्यता अधिक.

पण जागा आणि मेमरी हे गौण लाभ आहेत. गॅलॅक्सीच्या पडद्याच्या उजव्या बाजूला ‘हिस्टरी’ नावाचा जो पट्टा दिसतो, तो खरा महत्त्वाचा. आपल्याकडच्या पेढ्यांत रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत; व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरायचा आणि मग त्यावरून खतावणी लावायची. हिस्टरी ही रोजकीर्द आहे. तुम्ही कोणती फाइल घेतली, कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती वापरली, कोणत्या रकान्यात कोणता आकडा भरला आणि त्यातून काय निघाले, हे सारे तेथे आपोआप उतरते, चुकलेला प्रयत्नसुद्धा. टप्पा रांगेत असेल तर राखाडी, चालू असेल तर पिवळा, पूर्ण झाला तर हिरवा आणि फसला तर लाल दिसतो. लाल दिसताच तो खोडून टाकण्याची घाई करू नये. त्यावरचे त्रुटीचे निवेदन आधी वाचावे, कारण निम्म्या वेळा उत्तर त्यातच लिहिलेले असते.

सुरुवातीला सगळे २४ नमुने चढवू नयेत. दोन नमुने घ्या : एक ऐरोलीचा, एक वाशीचा. फास्टक्यूसी या साधनाने वाचनांची, म्हणजे यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांची, गुणवत्ता पाहा. कटअडॅप्टने प्रायमरचे, म्हणजे जनुकाच्या प्रती काढताना वापरलेल्या लहान डीएनएचे, तुकडे काढा. मग वाचनांतील चुका गाळून खरे क्रम ठरवणाऱ्या डाडा२ या साधनाकडे जा. येथे वाचने किती लांबीवर छाटायची हे विचारले जाते, आणि बहुतेक नवशिके संशोधक इंटरनेटवरच्या कुठल्यातरी धड्यातला आकडा जसाच्या तसा उतरवतात. तसे करू नये. तुम्ही जनुकाचा ‘व्ही४’ भाग घेतला असेल, तर त्याची लांबी सुमारे २५० अक्षरे असते. पुढून आणि मागून घेतलेली दोन वाचने मध्ये पुरेशी एकमेकांवर आली तरच ती जुळतात. गुणवत्ता वाईट म्हणून दोन्ही बाजूंनी सढळ हाताने कापले, तर प्रणाली तक्रार करणार नाही, सगळे टप्पे हिरवे दिसतील आणि शेवटी हाती मूठभर क्रम उरतील. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर किती वाचने शिल्लक राहिली याचा तक्ता पाहण्याची सवय लावून घ्यावी. हिरवा रंग म्हणजे संगणकाचे काम पार पडले, एवढाच त्याचा अर्थ. काम बरोबर झाले की नाही, हे तो सांगत नाही.

दोन नमुन्यांवर साखळी समाधानकारक चालली की हिस्टरीच्या यादीतून वर्कफ्लो काढून घेण्याची सोय वापरावी. केलेल्या कामावरूनच प्रणाली साखळी बांधून देते. तिच्यातले फसलेले प्रयत्न काढून टाका, प्रत्येक टप्प्याला मराठीत का होईना पण टीप जोडा, आणि मग ४८ फाइलींचा एक संच करून तीच साखळी सर्व नमुन्यांवर एकदम चालवा. नमुने घेताना चिखल न टाकता केवळ पाण्यावर किंवा रिकाम्या नळीवर केलेला कोरा नमुना तुम्ही सोबत पाठवला असेल, तर तोही त्याच साखळीतून गेला पाहिजे. पाठवला नसेल, तर पुढच्या खेपेस पाठवावा.

एक इशारा नावांबद्दल. तुमच्या पत्रासोबतच्या तक्त्यात नमुन्यांना ‘मार्च-१’, ‘सप्टें-२’ अशी नावे आहेत आणि फाइलींवर तीच इंग्रजीत असणार. असा तक्ता एक्सेलमध्ये उघडला की ती नावे निमूटपणे तारखा होतात. हा काही बाळबोध दोष नव्हे. एक्सेलमधील जनुकांच्या याद्या जोडलेल्या संशोधन-निबंधांची २०१६ साली तपासणी झाली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात जनुकांची नावे अशी बिघडलेली आढळली. आणि अखेर २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेच हार मानून अशा २७ जनुकांची नावे बदलली. तेव्हा एक्सेल बदलले नाही, जनुके बदलली! तुम्ही नमुन्यांची नावे ‘ऐरो०१’, ‘वाशी०१’ अशी, मोकळी जागा न सोडता द्यावीत आणि महिना वेगळ्या रकान्यात लिहावा.

आणि त्या रकान्याशेजारी आणखी रकाने हवेत. भरती होती की ओहोटी, चिखल किती सेंटिमीटर खोलीवरून घेतला, क्षारता किती होती, नमुना बर्फाच्या पेटीत किती तास राहिला, ही माहिती कोणतीही प्रणाली आपण होऊन टिपणार नाही. साखळीची सुरुवात फाइल चढवण्याच्या बटणापाशी होत नाही, ती खाडीकाठी होते. ठाणे खाडीतील रोहित पक्षी अभयारण्याला २०२२ साली रामसर दर्जा मिळाल्यापासून या पाणथळीविषयीच्या माहितीला वेगळे महत्त्व आले आहे. दहा वर्षांनी कोणी तुमच्या आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहू लागला, तर त्याला प्रथम भरती-ओहोटी विचारावी लागेल आणि डाडा२ ची आवृत्ती त्यानंतर.

आज्ञा शिकण्याविषयी मार्गदर्शकांचा आग्रह रास्त आहे, पण त्यासाठी प्रबंध अडवून ठेवण्याचे कारण नाही. साखळी एकदा डोळ्यांनी दिसली की तीच आज्ञांच्या रूपात लिहिणे पुष्कळ सोपे जाते. उद्या दरमहा शेकडो नमुने येऊ लागले, तर नेक्स्टफ्लो किंवा स्नेकमेक या, आज्ञा लिहून चालवायच्या वर्कफ्लो-प्रणालींकडे वळावे लागेल. तुमच्या कामासाठी एनएफ-कोअर या समुदायाने ‘अँप्लिसेक’ नावाची तयार साखळीही ठेवली आहे. प्रबंधाच्या परिशिष्टात मात्र आजपासूनच तीन गोष्टींची जागा राखून ठेवा : वर्कफ्लोची फाइल, साधनांच्या आवृत्त्यांची यादी आणि मूळ वाचने ज्या सार्वजनिक साठ्यात जमा केली तेथील क्रमांक. फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रातही अशी जमा करता येते.

प्रश्न : काम चालू असताना रात्रभर लॅपटॉप उघडा ठेवावा लागतो का? आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते. — एम.एस्सी. विद्यार्थी, कळवा

उत्तर : नाही. फाइल चढत असेपर्यंत खिडकी उघडी असावी लागते. त्यानंतर काम दूरच्या सर्व्हरवर होते आणि तुमच्या घरच्या विजेशी त्याचा संबंध उरत नाही. लॅपटॉप मिटून झोपावे आणि सकाळी ठाणे–वाशी लोकलमध्ये फोनवर रंग पाहावेत. रांग मात्र जगभरच्या वापरकर्त्यांची सामाईक असते, त्यामुळे प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा काम टाकून सर्व्हरला दोष देऊ नये.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतील एका ज्येष्ठ संशोधकाने काही वर्षांपूर्वी ज्या फाइलींवरून आलेख काढला होता, त्याच फाइली मी वेब-प्रणालीवर पुन्हा चालवल्या. त्यांच्या आलेखात ‘बीटाप्रोटिओबॅक्टेरिया’ हा वर्ग ठळक आहे. माझ्या निकालात तो शून्य आहे आणि ‘गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया’ फुगला आहे. चूक माझी, त्यांची की प्रणालीची? — संशोधन साहाय्यक, कोपरखैरणे

उत्तर : आलेले पत्र वाचून आम्हांला आनंद झाला, कारण इतका सुबक गोंधळ मुद्दाम रचूनही जमला नसता. बहुधा चूक कोणाचीच नाही.

जिवाणूंना नाव मिळते ते संदर्भसाठ्याशी तुलना करून. सिल्व्हा या साठ्याच्या जुन्या आवृत्त्यांत, उदाहरणार्थ १२८ व्या आवृत्तीत, बीटाप्रोटिओबॅक्टेरिया हा स्वतंत्र वर्ग होता. पुढे संपूर्ण जनुकसंचांच्या आधारे जिवाणूंची वंशावळ नव्याने मांडली गेली आणि त्या मांडणीत हा गट गॅमाप्रोटिओबॅक्टेरियाच्या पोटात एक गण म्हणून बसवण्यात आला. सिल्व्हाच्या १३२ व्या आवृत्तीत हा बदल आला. १३८ व्या आवृत्तीत तुम्हांला तोच गट ‘बर्कहोल्डेरिअलीस’ या नावाने सापडेल. वर्गाच्या पातळीवर आलेख काढलात म्हणून तो अदृश्य झाला. गणाच्या पातळीवर काढा, तो तेथे बसलेला दिसेल. खाडीतील जिवाणू जागचे हलले नाहीत, त्यांचा पत्ता बदलला, एवढेच. जिल्ह्याचे विभाजन झाले म्हणून पालघरची गावे ठाण्याच्या यादीतून गेली, तसेच काहीसे. शिवाय २०२१ मध्ये संघांची नावेही अधिकृतपणे बदलली आणि प्रोटिओबॅक्टेरियाला ‘स्यूडोमोनाडोटा’ म्हणण्यात येऊ लागले, तेव्हा पुढील काही वर्षे जुने आणि नवे निबंध शेजारी ठेवून वाचताना हा घोळ पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

हा खुलासा तुम्ही स्वतः पाच मिनिटांत करू शकला असता, जर ज्येष्ठ संशोधकांच्या कामाची नोंद उपलब्ध असती. तुमच्या बाजूची नोंद प्रणालीने ठेवली आहे : त्या टप्प्यावरील माहितीचे चिन्ह दाबल्यास साधन, आवृत्ती आणि वापरलेला संदर्भसाठा दिसतो. त्यांच्या बाजूला केवळ आलेखाचे चित्र आहे. वेब-प्रणालीच्या बाजूने याहून मोठा युक्तिवाद आम्हांला सुचत नाही.

तरीही खात्री करून घ्यावी. त्याच साखळीत केवळ संदर्भसाठा बदलून जुनी आवृत्ती घाला आणि बाकी काहीही न बदलता पुन्हा चालवा. निकाल जुळला तर प्रश्न संपला. जवळपास जुळला पण दशांशात फरक राहिला, तर सर्व नमुन्यांतून समान संख्येने वाचने यदृच्छेने उचलण्याचा टप्पा कुठे आहे का ते पाहा. त्या टप्प्याला दिला जाणारा बीजांक निश्चित केला नसेल, तर प्रत्येक खेपेस थोडी निराळी वाचने उचलली जातात. एका वेळी दोन गोष्टी बदलण्याचा मोह आवरावा. तो आवरला नाही, तर पुन्हा याच सदराला पत्र लिहावे लागेल.

प्रश्न : माझी पिण्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची तपासणी करणारी लहान प्रयोगशाळा आहे. आम्ही गॅलॅक्सी किंवा तत्सम प्रणाली बसवावी का? — प्रयोगशाळा-चालक, रबाळे

उत्तर : नाही. तुम्हांला हवी आहे ती नमुना आला केव्हा, तपासला कोणी, उपकरणाचे अंशांकन कधी झाले आणि अहवालावर सही कोणाची, हे सांभाळणारी प्रयोगशाळा-माहिती व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे बाजारात जिला ‘लिम्स’ म्हणतात ती. एनएबीएलची मान्यता ज्या आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकावर दिली जाते, त्यातील नोंदींच्या अपेक्षा तिच्यातून पूर्ण होऊ शकतात. वर्कफ्लो-प्रणाली संगणकावरील गणनेची साखळी सांभाळते. सामू, गढूळपणा आणि क्लोराइडच्या आकड्यांवर तुम्हांला तशी गणना फारशी करावीच लागत नाही. विक्रेता दोन्ही एकच असल्याचे सांगू लागला, तर चहा पाजून निरोप द्यावा.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे. फाइल बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या फाइली पुन्हा तयार करणे हे काम आम्ही ‘मेक’ वापरून चाळीस वर्षांपूर्वी करत होतो. यात नवे काय? आणि आज गाजणारी ही संकेतस्थळे उद्या बंद पडली तर? — वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपला पहिला आक्षेप अर्ध्याहून अधिक खरा आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत ‘मेक’ लिहिले, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या स्नेकमेकने ते ऋण नावातच कबूल केले आहे. (मेकमध्ये ओळीच्या आरंभी टॅबच लागतो, मोकळी जागा चालत नाही, हा जाच आपणही सोसला असेल. फेल्डमन यांना ती चूक लवकरच उमगली होती, पण तोवर डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. त्या डझनभरांच्या सोयीपायी नंतरच्या लाखोंनी टॅब मोजले.)

स्नेकमेक मेकसारखेच उलट्या दिशेने विचार करते : मुहूर्त ठरला की त्यावरून मागे मोजत तयारी आखावी, तसे ते हव्या असलेल्या अंतिम फाइलीपासून मागे येते. बार्सिलोनात २०१३ च्या सुमारास जन्मलेले नेक्स्टफ्लो मात्र पाटातून पाणी सोडल्यासारखे माहिती पुढे ढकलत नेते. नवे आहे ते याभोवतीचे. मेक फाइलीची वेळ पाहते. ती तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली तर मेकला पत्ता नसतो. आताच्या प्रणाली प्रत्येक टप्प्याचे सॉफ्टवेअर डॉकर किंवा सिंग्युलॅरिटीसारख्या बंद डब्यात घालून ठेवतात, टप्पे शेकडो यंत्रांवर वाटून देतात, फसलेला टप्पा पुन्हा चालवतात आणि या सगळ्याची नोंद ठेवतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या उपकरणांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. तो संकेत खरा की केवळ गोंगाट, हे ठरवण्यासाठी जे विश्लेषण झाले, त्यातील एक प्रमुख साखळी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेल्या पेगॅसस या वर्कफ्लो-प्रणालीवर चालवली होती. आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. तेथील माहितीही अशाच साखळ्यांतून जाईल, आणि एकट्या मेकच्या खांद्यावर ते ओझे टाकणे आपल्यालाही पटणार नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे आणि तिला उदाहरणही आहे. मँचेस्टर विद्यापीठात कॅरोल गोबल यांच्या चमूने घडवलेली टॅव्हर्ना ही प्रणाली एके काळी या क्षेत्रात अग्रगण्य होती. तिच्या साखळ्या दूरवरच्या निरनिराळ्या संस्थांच्या वेब-सेवांना हाक मारत आणि त्यांच्याकडून काम करून घेत. सोय उत्तम होती. पण त्यांतली एक सेवा बंद पडली वा तिचा पत्ता बदलला, की सारी साखळी खुंटत असे. मायएक्सपेरिमेंट या संकेतस्थळावर लोकांनी ठेवलेल्या अशा ९२ साखळ्या २०१२ च्या एका अभ्यासात पुन्हा चालवून पाहिल्या, तर बहुतेक चालल्या नाहीत, आणि कारणांमध्ये बाहेरच्या सेवा अग्रभागी होत्या. अपाचे प्रतिष्ठानाच्या छत्राखाली गेलेला टॅव्हर्ना प्रकल्प २०२० साली निवृत्त करण्यात आला.

म्हणून संकेतस्थळावर विसंबावे ते काम चालवण्यापुरते. साखळीची फाइल, सॉफ्टवेअरचे डबे आणि मूळ माहिती यांची प्रत स्वतःकडे आणि एखाद्या स्थायी सार्वजनिक साठ्यात असावी. २०१६ साली पहिली पक्की आवृत्ती निघालेली कॉमन वर्कफ्लो लँग्वेज ही सामाईक भाषा याच चिंतेतून आली : एका प्रणालीत लिहिलेली साखळी दुसरीत चालावी. व्यवहारात हे अजून पूर्णपणे साधलेले नाही, आणि आमच्या मते लवकर साधणारही नाही, कारण प्रत्येक प्रणालीला आपले वेगळेपण प्रिय असते.

प्रश्न : मी कर्करोगावर काम करतो. रुग्णांच्या गाठींचे जनुकीय क्रम सार्वजनिक वेब-सर्व्हरवर तपासले तर चालेल का? नावे आणि नोंदणी क्रमांक काढून टाकले आहेत. — डॉक्टर, खारघर

उत्तर : चालणार नाही. नावे काढली तरीही नाही.

जनुकीय क्रम हीच ओळख आहे. संशोधनासाठी खुल्या ठेवलेल्या निनावी जनुकसंचांतील वाय-गुणसूत्राच्या खुणा वंशावळींच्या सार्वजनिक संकेतस्थळांशी ताडून आडनावे शोधता येतात आणि त्यावरून व्यक्तींपर्यंत पोहोचता येते, हे २०१३ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. शिवाय रुग्णाच्या क्रमात त्याच्या भावंडांची आणि मुलांचीही माहिती असते, ज्यांनी तुमच्या संमतीपत्रावर सही केलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ या दोन्हींच्या चौकटीत हा प्रश्न प्रथम तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीपुढे गेला पाहिजे. संमतीपत्रात माहिती परदेशी सर्व्हरवर जाऊ शकेल असे रुग्णाला कळेल अशा भाषेत लिहिलेले होते का, हा समितीचा पहिला प्रश्न असेल.

सुदैवाने पर्याय आहे. माहिती सर्व्हरकडे नेण्याऐवजी साखळी माहितीकडे आणावी. गॅलॅक्सी संस्थेच्या आतल्या यंत्रावर, बाहेरच्या जाळ्याशी न जोडता, बसवता येते. ब्राउझरमध्ये तेच पडदे दिसतात. साखळी सार्वजनिक सर्व्हरवर खुल्या नमुना-माहितीवर तयार करून तपासावी, तिची फाइल उतरवून घ्यावी आणि आतल्या यंत्रावर रुग्णांच्या माहितीवर चालवावी. पाहणीपुरती मांडणी एका दुपारी होते. रोजच्या वापराची होत नाही. साधनांच्या आवृत्त्या, साठवण, प्रवेशाचे अधिकार, सुरक्षा-दुरुस्त्या हे सारे पाहणारी एक व्यक्ती नियमित वेतनावर लागते, आणि प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात यंत्राची किंमत लिहिताना नेमका हाच रकाना कोरा राहतो. तो आधी भरावा. ही साखळी संशोधनापुरती आहे, तिच्या निकालावरून थेट उपचार ठरवायचे नाहीत, हेही समितीला लेखी कळवलेले बरे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात जैवमाहितीशास्त्राच्या ६० विद्यार्थ्यांना हे एका प्रात्यक्षिकात शिकवायचे आहे. मागच्या वर्षी सर्वांनी एकदम फाइली चढवल्या आणि तास तिथेच संपला. — प्राध्यापिका, ठाणे

उत्तर : वर्गातील वाय-फायवर ६० जणांनी एकच फाइल ६० वेळा चढवली, तर दुसरे काय होणार? फाइल वर्गातून चढवूच नये. ती आदल्या दिवशी झेनोडोसारख्या खुल्या साठ्यात ठेवावी आणि विद्यार्थ्यांना तिचा दुवा द्यावा. दुवा दिला की गॅलॅक्सीचा सर्व्हर ती थेट साठ्यातून ओढून घेतो आणि वर्गाच्या जोडणीवरून केवळ पडदा येतो. फाइलही मूळची नको. तिच्यातील थोडीशी वाचने उचलून केलेली लहान आवृत्ती पुरते, म्हणजे प्रत्येक टप्पा काही मिनिटांत संपेल.

युरोपातील गॅलॅक्सी सर्व्हरचे चालक प्रशिक्षणवर्गांसाठी वेगळी यंत्रे विनामूल्य राखून देतात. त्यासाठी तारीख आणि विद्यार्थिसंख्या कळवून पुरेसे आधी नाव नोंदवावे लागते. मग तुमच्या वर्गाची कामे सर्वसाधारण रांगेत अडकत नाहीत आणि कोणाचा टप्पा लाल झाला आहे हे तुम्हांला एकाच पानावर दिसते. गॅलॅक्सीच्या प्रशिक्षण-समुदायाचे धडे खुल्या परवान्याखाली आहेत, तेव्हा त्यांतील सूचना मराठीत उतरवून मुलांच्या हाती द्यायला, श्रेय नमूद केले की, कोणाची आडकाठी नाही.

एक सूचना अभ्यासक्रमाबाहेरची. ‘नेचर’ने २०१६ साली केलेल्या पाहणीत १,५७६ संशोधकांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून पाहण्यात अपयश आल्याचे सांगितले होते, आणि निम्म्याहून अधिक जणांना स्वतःचाच प्रयोग पुन्हा साधला नव्हता. हे फळ्यावर लिहून भागत नाही. पहिल्या तासाला जोड्या पाडून काम करून घ्या आणि प्रत्येक जोडीला केवळ वहीत कृती लिहायला सांगा. दुसऱ्या तासाला वह्यांची अदलाबदल करून दुसऱ्या जोडीने तोच आलेख काढून दाखवावा. वहीत काय काय लिहायचे राहून गेले, याची यादी मुलेच आरडाओरडा करून सांगतील. त्यानंतर हिस्टरीचा दुवा परस्परांना द्यायला लावा आणि तोच आलेख पुन्हा काढायला सांगा. यासाठी सलग दोन तासिका मिळवाव्या लागतील, आणि वेळापत्रक-समितीशी त्याबद्दल आतापासूनच बोलून ठेवलेले बरे.